दाबाखालचा जीव

या सदरात लोक जे लिहितात ते मी नियमित वाचते, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा वाचून हसते. बंद खोलीत वाजणारी पैंजणं, रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई... माझी सगळी नोकरी प्राणिशास्त्र शिकवण्यात गेली. मुलांना मी एकच सांगत आले – जे पुन्हा करून दाखवता येत नाही, त्यावर विश्वास ठेवू नका. मी स्वतःही ठेवला नाही. देव-देवस्की, अंगात येणं, आत्मा, यातलं काही मी आजही मानत नाही.

तरी एक गोष्ट अशी आहे की जी मला पुन्हा करून दाखवता येत नाही, आणि ती घडलीच नाही असंही मला म्हणता येत नाही. ती पाहणारे आम्ही तिघं होतो. त्यातले दोघं आता नाहीत. मीही आता वयाच्या अशा टप्प्यावर आहे की, लिहायचं तर आत्ताच.

बहात्तरचा दुष्काळ होता. मी नगरच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून नुकतीच लागले होते. आमच्या विभागाचे सर – त्यांचं नाव लिहीत नाही – एका विलक्षण नादात होते. समुद्राच्या तळाशी पाण्याचा जेवढा प्रचंड दाब असतो, तेवढ्या दाबाखाली जिवंत पेशी कशी वागते हे त्यांना मायक्रोस्कोपमधून बघायचं होतं. मेलेली नाही, जिवंत... आणि दाब असतानाच. बाकीचे प्राध्यापक चहा पिताना चेष्टा करायचे, की इथं माणसांना प्यायला टँकर मिळेना आणि हे समुद्राचा तळ नगरात आणतायत.

असं यंत्र परदेशात मिळायचं, पण ते मागवणं आमच्या कॉलेजच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून सरांनी ते इथंच करून घ्यायचं ठरवलं. माझा थोरला भाऊ, निवृत्तीदादा, केडगावला एका वर्कशॉपमध्ये टर्नर होता, लेथवर लोखंड कातायचा. मी दोघांची गाठ घालून दिली.

यंत्र म्हणजे काय, तर मुठीएवढा पोलादाचा ठोकळा. त्याला आरपार भोक, आणि भोकाच्या दोन्ही तोंडांना जाड काच. मधल्या जागेत पाण्याचा एक थेंब मावायचा, आणि त्या थेंबात आमचे जीव. बाजूनं एक बारीक नळी निघून हातपंपाला जोडलेली, पंपावर दाब दाखवणारा काटा आणि दाब धरून ठेवणारी झडप. खालून उजेड सोडायचा आणि वरून मायक्रोस्कोप लावायचा. लिहायला सोपं आहे, पण काचेच्या कडेनं ते गळायचं. दादा पुन्हा लेथवर चढवायचा, सर पुन्हा वेगळं रबर आणायचे, आणि पुन्हा गळायचं. कितीतरी महिने दोघं त्याच्यामागं होते. कधी चिडून एकमेकांशी बोलायचे नाहीत, मग दादाच सायकल मारत कॉलेजवर यायचा.

अखेर एकदा काटा चढला आणि चढलेला राहिला.

आम्ही त्यात अमीबा घालायचो. अमीबा म्हणजे एकाच पेशीचा जीव, डबक्यात सापडतो. त्याला ठरावीक आकार नसतो. अंगातूनच एक पाय पुढं काढतो, उरलेलं अंग त्या पायात ओततो आणि असा सरकत राहतो. दाब वाढवत नेला की तो पाय आत घ्यायचा आणि गोल गोळी होऊन निपचित पडायचा. आतलं सगळं थांबलेलं. दाब सोडला की काही वेळ तसाच... आणि मग गोळीतून हळूच एक पाय बाहेर यायचा.

दादानं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मायक्रोस्कोपवरून डोळा काढून माझ्याकडं बघितलं.

"मेलं व्हय गं?"

"नाही दादा. थांबलंय. दाब काढला की चालेल."

सरांनी झडप सोडली. दादा पुन्हा वाकला. बराच वेळ तसाच वाकून राहिला आणि मग म्हणाला, "चाललं की." त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद मी फार कमी वेळा पाहिला आहे.

दादाला एकच मुलगी, शकू. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झालेली, त्या वेळी नऊ-दहा वर्षांची असेल. तिलाही एका रविवारी त्यानं सायकलच्या दांडीवर बसवून लॅबमध्ये आणलं होतं. स्टुलावर गुडघे टेकून ती मायक्रोस्कोपला जी चिकटली, ती उठेचना. "आत्या, ह्याला भूक लागती व्हय?" म्हणाली. मी म्हटलं, लागते, तो आपल्याहून बारके जीव गिळतो. मग तिला ते गिळताना बघायचं होतं. तेवढा वेळ नव्हता. सर म्हणाले, पुढच्या वेळी दाखवू.

पुढची वेळ आली नाही.

केडगावच्या पुढं आमची वस्ती होती. मी नगरला खोली घेऊन राहायचे आणि रविवारी घरी जायचे. त्या उन्हाळ्यात वस्तीवरच्या विहिरीत पाणी म्हणून उरलं नव्हतं. तळाला एका कडेनं झिरपायचं, ते वाटीनं भरून घागरीत ओतायचं. वहिनी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, म्हणून पाण्याला शकू जायची. सगळ्याच वस्त्यांवर पोरं जात होती. गाळ उपसून उपसून विहिरीची एक बाजू पोकळ झाली होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. एका दुपारी शकू तळाशी असताना ती दरड खाली आली.

माणसांनी हातांनी माती उपसून तिला बाहेर काढलं. मी पोचले तेव्हा तिला ओट्यावर निजवलेलं होतं. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. केसात माती होती, ती वहिनी बोटांनी काढत बसली होती. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, छातीवर दाब आला, श्वास कोंडला.

"दाब" हा त्यांचाच शब्द. दादा शेजारीच उभा होता.

लेकरू म्हणून तिला जाळलं नाही. ऊन उतरायच्या आत ओढ्याच्या काठी पुरलं.

त्यानंतर दादा बोलेनासा झाला. वहिनीशी तर एक शब्द नाही. पोरीला पाण्याला वहिनीनं पाठवलं होतं, एवढंच त्यामागं असेल. पण त्यानं तसं कधी म्हटलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. दोघं एका घरात, पण घरात कुणीच नसल्यासारखं. वर्कशॉपला तो जायचा, नाही जायचा. पण कॉलेजवर मात्र येऊ लागला.

पहिल्यांदा आला तेव्हा दारात उभा राहून सरांना म्हणाला, "सर, ते जरा दावता का?"

सरांनी काही न विचारता यंत्र काढलं. दादानं अमीबा गोळी होताना पाहिला, दाब सोडल्यावर चालताना पाहिला, आणि उठून गेला. दोन दिवसांनी पुन्हा आला. मग येतच राहिला. सरांना वाटलं, माणसाचं मन कशात तरी रमतंय तर रमू दे. मलाही तेच वाटलं. एकदा त्यानं विचारलं, "लई वेळ दाब ठिवला, तरी चालतंय का हे?"

"पुष्कळ टिकतात," सर म्हणाले. "चिवट जीव आहे."

दादानं मान हलवली.

महिना होत आला असेल. एके दिवशी प्रॅक्टिकल चालू असताना शिपायानं येऊन सांगितलं की, गेटावर तुमच्याकडची बाई आलीय. वहिनी होती. ती कधी कॉलेजवर आली नव्हती. केडगावाहून उन्हात चालत आली होती, हातांना खडी फोडून चिंध्या बांधलेल्या. तिला मी झाडाखाली नेलं, पाणी दिलं. पाणी तिनं हातातच धरून ठेवलं.

"वन्सं," ती म्हणाली, "ह्यांनी पहार अन् खोरं काढून ठिवलंय."

मला कळलं नाही. "कशाला?"

"शकूवरची माती काढायची म्हनत्यात. तिच्यावर दाब हाय म्हनत्यात. दाब काढला की ती चालंल..." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "रातचं माज्याशी बोलले. एवढ्या दिसांनी बोलले, ते हेच. म्या काय बोलू, वन्सं? म्या न्हाई म्हनलं, तर म्हनत्याल हिनंच धाडली अन् आता काढूबी देईना."

मी तिच्याशेजारी खाली बसले. ओढ्याकाठची ती जागा, तो उन्हाळा, तो महिना... त्या मातीखाली आता काय असेल हे मी प्राणिशास्त्र शिकल्यामुळं फार चांगलं जाणत होते. दादानं ते पाहिलं असतं तर तो त्यातून कधीच उठला नसता.

"कधी जायचं म्हणतोय?"

"परवा. शकू गेली त्या वाराला."

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी ठोकळा हातात घेऊन काचेतून आरपार पाहिलं. मग म्हणाले, "त्याला आपण अर्धंच दाखवलं, मालन. उरलेलं दाखवायला पाहिजे." त्यांचं म्हणणं असं की, फार दाब फार वेळ ठेवला तर अमीबा परत येत नाहीत, मरतात. ते दादानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवं. सांगून त्याला पटणार नाही.

मला ते निर्दय वाटलं. पण दुसरं काही सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारीच सरांनी ठोकळ्यात अमीबा भरले आणि काटा नेहमीपेक्षा खूप वर नेऊन झडप आवळली. रात्रभर तो दाब तसाच ठेवायचा होता. संध्याकाळी मी पाहिलं तेव्हा सगळ्या गोळ्या निपचित होत्या. सकाळी पाहिलं, तशाच होत्या. काही फुटून त्यांच्यातलं कणकण पाण्यात पसरलं होतं. काटा जिथल्या तिथं.

दादाला निरोप धाडला होता. तो दुपारी आला. पहार घेऊन निघायच्या आधी आला, हे आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं.

तिघांनाही एकाच वेळी दिसावं म्हणून सरांनी एक सोय केली होती. खिडक्या बंद करून खोली अंधारी करायची, फळीतल्या भोकातून आरशानं ऊन आत घ्यायचं, ते पाण्यानं भरलेल्या काचेच्या चंबूतून न्यायचं – म्हणजे उन्हाचा चटका जिवांना लागत नाही – आणि यंत्रातून सोडायचं. मायक्रोस्कोपमधून निघालेलं चित्र समोर लावलेल्या ड्रॉइंग पेपरवर मोठं होऊन पडायचं. विजेचा भरवसा नसायचा, ऊन मात्र त्या वर्षी भरपूर होतं.

कागदावर गोळ्या दिसत होत्या. तळहाताएवढ्या, करड्या, स्थिर.

"निवृत्तीराव," सर हळू आवाजात म्हणाले, "हे कालपासून दाबाखाली आहेत. आता मी दाब काढणार आहे. तुम्ही नीट बघा. लागेल तेवढा वेळ बघा."

"आत्ता ह्यांच्यावर दाब हाय?"

"पूर्ण. काटा बघा."

दादानं काटा बघितला. मग तो स्टुलावरून उठला आणि कागदापाशी गेला. त्याच्या खांद्याची सावली चित्राच्या कडेवर पडली. एका गोळीजवळ तो उभा राहिला. ती इतर गोळ्यांसारखीच होती, काही वेगळी नव्हती. मला वाटलं, हा आता कागदाला हात लावणार. त्यानं लावला नाही. माणूस दारात उभा राहून खेळणाऱ्या पोराला बोलावतो तशा, अगदी रोजच्या आवाजात तो म्हणाला,

"शके, चल. पानी ऱ्हाऊ दे. घरी चल."

सरांचा हात झडपेवर होता, पण झडप बंद होती. हे मी ठामपणे सांगते, कारण मी त्यांच्या हाताकडंच बघत होते. त्या शब्दांनी माझे डोळे भरून आले होते आणि मला कागदाकडं बघवत नव्हतं.

"मालन," सर म्हणाले. "बघ."

त्या एका गोळीची कड फुगली होती. मी डोळे पुसले. कडेतून एक पाय निघाला, बोथट, पारदर्शक. आतले कण त्या पायात वाहू लागले... रोज बघतो तसेच, संथ. मग सगळी गोळी त्या पायामागं ओढली गेली आणि अमीबा चालू लागला. शेजारच्या गोळ्यांना वळसा घालून, फुटलेल्यांच्या मधून वाट काढत तो कागदावर सरकत राहिला. बाकी एकही गोळी हलली नाही. मी काट्याकडं पाहिलं. सरांनीही पाहिलं. काटा जागचा हलला नव्हता. एवढ्या दाबात पाय काढणं कुठल्याच अमीबाला शक्य नाही. त्याच्या अंगातलं जे घट्ट-पातळ झाल्यानं पाय तयार होतो, ते त्या दाबात घट्ट होऊच शकत नाही. आम्ही हे कितीतरी वेळा पाहिलं होतं.

दादा त्याच्याबरोबर कागदाच्या कडेकडं एक-एक पाऊल सरकत होता.  अमीबा कागदाच्या कडेला पोचला, त्याचं पुढचं टोक उजेडाच्या बाहेर गेलं, मग उरलेलंही गेलं.

दादा तिथंच उभा राहिला. मग सरांकडं वळून तो म्हणाला, "आता काढा दाब."

सरांनी झडप सोडली. काटा खाली आला. आम्ही वाट बघत बसलो, आरशावरचं ऊन सरकून चित्र फिकं होईपर्यंत. उरलेल्या गोळ्यांतली एकही हलली नाही. सगळ्या मेल्या होत्या. गेलेला शोधायला सरांनी ठोकळा सरकवून सगळा थेंब पाहिला. तो कुठंच नव्हता.

दादा खाली फरशीवर बसला आणि रडू लागला. शकू गेल्यापासून पहिल्यांदाच. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मातीत कोन न्हाई, माले," तो म्हणाला. "म्या उगाच खांदाय निघाल्तो. तिथं कोनबी न्हाई आता."

मी त्याच्याबरोबर वस्तीवर गेले. पहार दाराला टेकून ठेवलेली होती. त्यानं ती उचलली, तेव्हा वहिनी चुलीपुढून उठून उभी राहिली. तो मागच्या सोप्यात गेला, पहार आत टाकून आला, हातपाय धुतले आणि भिंतीला टेकून बसला.

"वाढ," तो तिला म्हणाला. "तूबी जेव."

वहिनीनं दोन ताटं घेतली. तेव्हा मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

त्यानंतर दादा पुष्कळ वर्षं जगला. लेथ चालवला, वहिनीला सांभाळलं, वहिनीनं त्याला सांभाळलं. त्यांना पुढं मूल झालं नाही. त्या दुपारबद्दल तो पुन्हा बोलला नाही.

सर मात्र त्यात अडकले. तोच दाब, तेवढाच वेळ, तसंच ऊन घेऊन त्यांनी निवृत्त होईपर्यंत तो प्रयोग पुन्हा पुन्हा केला, आणि कितीतरी वेळा मी शेजारी होते. एकही अमीबा हलला नाही. आम्ही दोघांनी सगळ्या शंका काढल्या. काटा अडकला असेल? नाही, झडप सोडल्यावर तो सरळ खाली आला होता. हवेचा बुडबुडा? बुडबुड्याला आत वाहणारे कण नसतात. दुःखात आपल्याला भास झाला असेल? एकाला होईल, मनानं खचलेल्या दोघांना होईल. पण सरांनी शकूला एकदाच पाहिलं होतं, आणि मला "बघ" म्हणणारे तेच होते. शेवटी त्यांच्या आजारपणात मी भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले, "माझ्या पेपरमध्ये मी ते घातलं नाही, मालन. खोटं म्हणून नव्हे. काय म्हणून घालायचं, तेच ठरेना."

दादा गेल्यावर मी काही दिवस वहिनीपाशी राहिले. एका दुपारी ती धान्य निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "वन्सं, त्या दिवशी काय झालं हुतं वो? ह्यांनी मला एवढंच सांगितलं, की ती गेली, म्या बघितली."

मी तिला सगळं सांगितलं. जसं घडलं तसं, आमच्या शंकांसकट. ती हात थांबवून ऐकत होती.

"कुठल्या अंगाला गेली?" तिनं विचारलं.

"दाराच्या अंगाला, वहिनी."

तिनं मान हलवली आणि सूप पुन्हा पुढं ओढलं.

मायक्रोस्कोपमधून पडणारं चित्र उलटं असतं. कागदावर दाराकडं गेलेला जीव प्रत्यक्षात दुसऱ्याच बाजूला, भिंतीकडं गेला असणार. मला ते तेव्हाही माहीत होतं. पण ते मी वहिनीला सांगितलं नाही. तो प्रत्यक्षात कुठं गेला, ते मला अजूनही माहीत नाही.